फिल्मखालचा हात

गाडीला पारदर्शक फिल्म लावून मिळेल, असा बोर्ड मी जव्हारमध्ये लावला, तेव्हा लोक दुकानात यायचे, उभ्या गाडीवरून हात फिरवायचे आणि विचारायचे, "लावली कुठं?" दिसत नाही हाच तिचा गुण आहे, हे सांगता सांगता माझा घसा बसायचा. मग जी दिसत नाही ती लावायची कशाला, हा पुढचा प्रश्न ठरलेला. त्यावर मी चहा मागवायचो.

त्याआधी बरीच वर्षं मी रेडियमची कामं केली. नंबर प्लेटा, दुकानांच्या पाट्या, मोखाड्याला जाणाऱ्या जिपांच्या मागच्या काचेवर मालकाच्या मुलांची नावं. एका जिपेवर मुलीचं नाव टाकलं होतं. पुढे त्या मालकाला मुलगा झाला आणि मुलीचं नाव खरवडून तिथं मुलाचं टाका, असा हुकूम आला. मी मुलीचं नाव तसंच ठेवलं आणि मुलाचं बाजूला बारीक अक्षरात टाकलं. तो मालक अजून माझ्याशी धड बोलत नाही. मला लोक 'रेडियमवाले शेठ' म्हणतात, पण त्यातल्या 'शेठ'ला फसू नका. आमच्याकडे गल्ल्यामागे जो बसतो तो शेठ.

आता या फिल्मविषयी थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. काचेला लावतात ती काळी फिल्म वेगळी. ही गाडीच्या रंगावर बसते. जाड असते, ताणली तर ताणते, आणि रंगाला लागणारा मार स्वतःच्या अंगावर घेते. आमच्याकडे तिची गरज शहरापेक्षा जास्त आहे. घाटात वळणावर समोरून एसटी आली की आपली गाडी करवंदीच्या जाळीत घालावी लागते, आणि काटे दारावर रेघा ओढून मोकळे होतात. खडी उडते ती वेगळीच. फिल्म लावायची म्हणजे गाडी आधी धुवायची, पुसायची, मग पुन्हा पुसायची. पंखा बंद, दार बंद. साबणाचं पाणी फवारून फिल्म ओल्यावर ठेवायची, जागेवर सरकवायची आणि रबरी पट्टीनं पाणी बाहेर रेटायचं. खाली एखादा केस राहिला तरी तो भिंगातून बघितल्यासारखा दिसतो. त्या कामात मला कोणी हाक मारलेली खपत नाही. घरच्यांनी हे फार सोसलंय.

या कामातली खरी डोकेदुखी म्हणजे कंपनीचे पट्टे. हल्ली कंपन्या गाडी विकताना तिच्या दारांवर, बॉनेटवर रंगीत पट्टे चिकटवून देतात. हौशी गिऱ्हाइकाला तेच आवडतात. पण पट्टा कितीही पातळ असला तरी त्याला जाडी असते, नख फिरवलं की कडेला अडकतं. त्याच्यावरून फिल्म नेली की ती कडेवर किंचित उचललेली राहते आणि कडेच्या बाजूनं एक बारीक पोकळी तयार होते. दिसत नाही, पण पाण्याला ती बरोबर सापडते. म्हणून माझा सल्ला एकच असतो. पट्ट्याच्या भोवती जरा जागा सोडून फिल्म कापू द्या, पट्टा उघडा राहू द्या. वरून लावलीच, तर पुढे फिल्म काढताना पट्टा तिच्याबरोबर सोलून येतो, तेव्हा माझ्या नावानं बोंबा मारू नका. लोक मान डोलावतात आणि नंतर बोंबा मारतात.

एका कंत्राटदारानं तर बॉनेटवर पक्षाचं चिन्ह चिकटवून त्यावर फिल्म मारून घेतली होती. कायमचं राहिलं पाहिजे, म्हणाला. पुढच्या निवडणुकीआधी हे साहेब दुसऱ्या पक्षात गेले आणि गाडी घेऊन माझ्याकडे आले. मी ते चिन्ह सोलून काढलं, तर उन्हानं बाकीचा रंग फिका पडलेला आणि चिन्हाच्या जागेचा कोरा राहिलेला. जुना पक्ष बॉनेटवर स्पष्ट वाचता येत होता. मी हसू दाबलं, पण ते त्यांना दिसलं असावं.

हसू न येणारी गिऱ्हाइकंही येतात. वावर गावाकडचा एक पिकअपवाला आला आणि म्हणाला, मागच्या हौद्यात खाली फिल्म लावून द्या. हौद्यात कोण फिल्म लावतं, म्हणून मी त्याची टर उडवली. तो खाली मान घालून म्हणाला, "शेठ, शहरातल्या दवाखान्यातनं माणसं घरी आणावी लागतात. मेलेली. धुवाय बरं पडतं." मी त्याला फिल्मऐवजी रबरी चटई बसवून दिली. नंतर कित्येक दिवस मला माझ्या थट्टेची लाज वाटत होती.

दिवाळी अंकासाठी जरा गमतीजमती लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. होत्या त्या लिहिल्या. पण या धंद्यातली जी गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही, ती देवरामच्या गाडीची आहे आणि तिच्यात गंमत नाही.

देवराम पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावरचा. ठाण्याला दुसऱ्यांच्या गाड्या चालवून त्यानं स्वतःची सात जणांची गाडी घेतली. पांढरी गाडी, आणि दोन्ही बाजूंच्या दारांवर पुढून मागे निमुळते होत गेलेले काळे-चंदेरी पट्टे. खास आवृत्तीची गाडी होती ती, आणि देवरामला त्या पट्ट्यांचा भारी अभिमान. पर्यटकांना धबधबे दाखवायचे आणि पाड्यावर कोणी आजारी पडलं तर जव्हारला आणायचं, असं त्यानं ठरवलं होतं. गाडी ताब्यात मिळाली तशी तो घरी न जाता थेट माझ्याकडे आला. बरोबर त्याची आई, थोरला भाऊ काशिनाथ आणि बायको मंगल. मंगल सूर्यमाळची, अंगानं बारीक, बोलायला कमी. कडेवर त्यांची लहान मुलगी होती.

मी गाडी धुऊन पुसून तयार केली, आणि देवरामच्या आईनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. त्यात तांदळाचं पीठ डिंकाच्या पाण्यात कालवलेलं होतं.

"आमचेकडं नवा बैल आला, नवा दरवाजा बसला, का घरच्या बाया पिठाचे हात उमटवतात," देवराम म्हणाला. "गाडी पण घरात येतेय ना."

"उमटवा की. फिल्म लावून झाली की वरून उमटवा."

"वरून टाकले तर पयल्या धुण्यात जातील. खाली टाकू, वर तुमची फिल्म मारा. कायमचं राहील."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, फिल्मखाली केस राहिला तर मला रात्री झोप येत नाही, आणि तू पीठ घाल म्हणतोस? तो हसत होता. तो नेहमीच हसत असायचा, त्यामुळे त्याच्याशी भांडायला मजा यायची नाही.

"शेठ, तुमची फिल्म रंग राखते ना? मंग आईचा हात पण राखू द्या. आई काय कायम राहणार हाय?"

"मरतंय कोण रं येवढ्यात?" आई म्हणाली, आणि आम्ही सगळेच हसलो.

मी सगळे धोके सांगितले. पीठ आहे, ओल लागली तर कुजेल. तो म्हणाला, कुजू दे, माझी जबाबदारी. गिऱ्हाइकापुढे मी एका मर्यादेपर्यंतच ताणतो. म्हातारीनं डब्यात पंजा बुडवला आणि मागच्या दारावर, पट्ट्याच्या पार खाली, साध्या पत्र्यावर ठेवला. सुरेख ठसा उठला, बोटांच्या पेरांसकट. मग ती हात धुवायला मागच्या नळावर गेली. काशिनाथ मुलीला घेऊन समोर बिस्किटं आणायला गेला होता. मंगल पिठाचा हात घेऊन नुसती उभी होती, कुठं ठेवू म्हणून. देवरामनं तिचं उजवं मनगट धरलं, "इथं, माझे दारावर," म्हणाला आणि तिचा पंजा ड्रायव्हरच्या दारावर दाबला. बोटं काळ्या पट्ट्यावर, तळवा पांढऱ्या रंगावर. ती लाजली. त्यानं हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला, तेव्हा मी बादलीकडे बघायला लागलो.

त्या ठशामुळे माझा सगळा बेत बदलला. बाकी दारांवर मी पट्ट्याभोवतीनं फिल्म कापली. पण इथं हात अर्धा पट्ट्यावर आणि अर्धा बाहेर, तिथं कापणार कुठं? फिल्म पट्ट्याच्या कडेवरूनच न्यावी लागली. पीठ वाळू दिलं, सुटी भुकटी पिसानं झाडली. पाणी मारलं असतं तर ठसा वाहून गेला असता, म्हणून भोवतालची जागा ओली ठेवून हातावर मात्र फिल्म कोरडी टेकवली. असं काम मी ना आधी केलं होतं, ना नंतर केलं. झालं तेव्हा दोन्ही हात दुधासारखे पांढरे दिसत होते. माझ्या कामाची मलाच भुरळ पडली, खोटं कशाला बोलू? जाताना देवरामला बजावलं, पावसाळ्यात या कडेला पाणी शिरलेलं दिसलं तर लगेच गाडी आण. हाव हाव, म्हणाला.

तो हिवाळा आणि उन्हाळा त्याची गाडी बाजारात सारखी दिसायची. पर्यटक असले तर तो दुकानासमोर हॉर्न वाजवून जायचा. कधी मागच्या सीटवर अडलेली बाई असायची आणि तिला धरून बसलेली मंगल. पाड्यावरच्या बाया म्हणे आधी विचारायच्या, मंगल बरोबर येतेय ना? तिचा हात हलका आहे, ती धरते तेव्हा धीर येतो, असं देवरामनंच मला एकदा कौतुकानं सांगितलं होतं.

पावसाळ्यात तो दिसेनासा झाला. भाताची कामं असतील, असं मी धरून चाललो.

लावणी उरकल्यावर काशिनाथ दुकानात आला. एकटाच, एसटीनं. बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "शेठ, गाडीवरचा एक हात काढून द्याल काय?"

"का? देवरामला पटलं वाटतं माझं."

"देवराम गेला."

ताप आला, मग कावीळ झाली. जव्हार केलं, तिथनं नाशिक केलं. नाशिकहून त्याला त्याच्याच गाडीनं परत आणलं, चालवत दुसरा कोणी होता. काशिनाथ हे सगळं सपाट आवाजात सांगत होता.

मग त्यानं हाताचं सांगितलं. पाऊस सुरू झाला आणि मंगलचा हात काळा पडायला लागला. आधी बोटांची टोकं, मग बोटं, मग तळवा. म्हातारीचा हात तसाच पांढरा. देवराम अंथरुणाला खिळला त्याच दिवसांत कोणीतरी ते पाहिलं आणि म्हातारीला सांगितलं. तेव्हापासून ती रोज उठून गाडीजवळ जायची आणि बघायची. हात जसा काळा होत गेला तसा पोरगा खचत गेला, हे तिच्या मनात पक्कं बसलं.

"मंगलला चुलीजवळ येऊ देत नाय आता. तिचे हातचं पाणी कोण घेत नाय. बाया पोरांना तिचेपासनं लांब ठेवतात. आई बोलते, दिवाळीचे आत ही घरात नको." काशिनाथ माझ्याकडे न बघता बोलत होता. "गाडीत पण कोण बसत नाय. तो डाग गेला तर आईचा जीव थंड होईल, असं मला वाटतं."

"तुला स्वतःला काय वाटतं?"

"मला काय कळतं शेठ. माझा भाऊ गेला."

मला भयंकर राग आला. काशिनाथवर नाही, तो बिचारा काहीतरी मार्ग काढायला आला होता. राग आला तो, एका पिठाच्या बुरशीपायी एक बाई घराबाहेर जाणार, याचा. आणि खरं काय ते दाखवू शकेल असा माणूस पंचक्रोशीत मी एकटाच होतो. त्याला म्हटलं, काढून देतो, पण इथं नाही. तुझ्या आईच्या डोळ्यांसमोर आणि सगळ्या पाड्यासमोर काढणार. एकदा डोळ्यांनी बघितलं की कोणाच्या तोंडात शब्द राहायचा नाही. अगदी असंच बोललो मी.

पाऊस उघडल्यावर हीट गन, कटर, फडकी आणि साबणाचं पाणी घेऊन गेलो. गाडी अंगणाच्या कडेला ताडपत्रीखाली होती. ताडपत्री ओढली आणि मीही क्षणभर चरकलो. पांढऱ्या दारावर काळाकुट्ट पंजा. बोटं अधिक काळी, तळवा हिरवट. मागच्या दारावरचा म्हातारीचा हात मात्र पहिल्या दिवशीसारखा होता. हे शेजारी शेजारी रोज बघत एका आईनं पोराचं आजारपण काढलं होतं. तिला नावं ठेवायला माझी जीभ तरी वळली नाही.

अंगणात पाडा जमला होता. म्हातारी ओट्यावर बसली होती, पार वाळलेली. मंगल घराच्या कोपऱ्याशी मुलीला जवळ घेऊन उभी होती. आसपास कोणी नव्हतं. तेवढी मोकळी जागा तिच्याभोवती लोकांनी न ठरवताच सोडलेली दिसत होती.

काशिनाथनं घरातनं वायर ओढून दिली. मी फिल्म गरम केली आणि कोपऱ्यापासून सावकाश उचलायला लागलो. पट्ट्याच्या कडेशी आलो तशी आतून पाण्याची धार निघाली आणि दारावरून खाली ओघळली. कुबट वास सुटला. मी फिल्म तशीच धरून लोकांना पुढे बोलावलं.

"वास घ्या. कसला आहे?"

एक म्हातारबाबा पुढे झाले. "कुजल्याचा."

"पीठ कुजलंय. भाकरी ओली राहिली की काळी बुरशी येते का नाही? तीच ही."

मग मी ओलं फडकं घेतलं आणि एका फटक्यात तो काळा पंजा पुसून टाकला. खाली रंग लखलखीत होता. पट्ट्याचा एक तुकडा फिल्मबरोबर सोलून आला होता, बाकी दाराला काही झालं नव्हतं. काळं फडकं सगळ्यांना दाखवलं. "बुरशीच ती," म्हातारबाबा म्हणाले. बाया आपसांत बोलायला लागल्या. मंगल कोपऱ्यापासून दोन पावलं पुढे आली. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. इतकी वर्षं दारं-बॉनेटं पुसली, त्याचं आज चीज झालं असं वाटलं.

म्हातारी ओट्यावरून उतरली आणि गाडीजवळ आली. "मंग माझे हाताला कशी नाय आली?"

प्रश्न योग्यच होता आणि उत्तर माझ्याकडे तयार होतं. तिचं बोट धरून मी पट्ट्याच्या कडेवर ठेवलं. "नख फिरवा आजी. अडकतंय ना? ही कड आहे. कडेवर फिल्म उचललेली राहते, तिथनं पाणी आत जातं. तुमचा हात साध्या पत्र्यावर होता. चारी बाजूंनी फिल्म घट्ट बसली, पाणी शिरलं नाही. तिचा हात या कडेवर होता. एवढाच फरक."

तिनं नख फिरवलं, परत फिरवलं. मागच्या दाराशी जाऊन स्वतःच्या हाताभोवती बोट फिरवलं. घाई केली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खरं आहे तुमचं."

मी वायर गुंडाळायला वाकलो.

"पण येवढी मोठी गाडी," ती म्हणाली. "सगळा पत्रा मोकळा होता. मला साधा पत्रा मिळाला. तिला कडाच कशी मिळाली? तिथंच कसा ठेवला तिनं हात?"

बाया गप्प झाल्या होत्या. त्या गप्प बसण्यातच मला कळायला हवं होतं, पण मला वाटलं, अजून एक उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते सगळ्यात पक्कं आहे.

"आजी, तिनं नाही ठेवला. तुम्ही नळावर होतात. देवरामनं स्वतः तिचं मनगट धरलं आणि तिथं ठेवला. मी बघितलं माझ्या डोळ्यांनी. ती तर नुसती उभी होती."

म्हातारीनं त्या पुसलेल्या दाराकडे बघितलं. ती फक्त म्हणाली, "म्हंजे त्याचेच हातानं करून घेतलं तिनं."

मी बोलायला गेलो, काशिनाथनं माझा दंड धरला. मंगल मागे सरकून पुन्हा कोपऱ्याशी गेली होती.

त्या दिवसानंतर मी स्वस्थ बसलो असं नाही. परतताना पोलीस पाटलांना भेटलो. ओळखीच्या एका गुरुजींना घेऊन पुन्हा पाड्यावर गेलो. या गोष्टींना कायदा आहे हेही सांगितलं. घरच्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आम्ही तिला तोंडावर कधी जा म्हटलेलं नाही, हात लावलेला नाही, वाईट शब्द बोललेलो नाही, असं म्हणाले, आणि ते खरंच होतं. तिच्या हातचं पाणी न पिणं कोणत्या कलमात बसवणार? दिवाळीच्या आत मंगल मुलीला घेऊन सूर्यमाळला माहेरी गेली. कोणी हाकललं नाही, आपण होऊन गेली, असं काशिनाथनं सांगितलं आणि मान खाली घातली. गाडीचं पुढे काय केलं ते मी विचारलं नाही.

त्या प्रसंगातून मी काय शिकलो असं लोक विचारतात, तेव्हा मी चहा मागवतो. मला वाटलं होतं, ती म्हातारी न्यायाधीशासारखी पुरावा मागतेय. ती पुरावा मागतच नव्हती. पोरगा का गेला ते तिला हवं होतं, आणि मी पट्ट्याच्या कडेविषयी बोलत होतो. देवराम कशानं गेला ते डॉक्टरांनीही तिला एका शब्दात सांगितलं आणि कागद हातात दिला. माझा म्हातारीवरचा राग गेला आहे.

उन्हाळ्यात मी सूर्यमाळला गेलो. काम काही नव्हतं, तिलाच भेटायला गेलो. तिथल्या पाड्यांवर त्या दिवसांत पाण्याचे हाल असतात. टँकर येऊन गेला की विहिरीत ओतलेलं पाणी शेंदायला झुंबड उडते. मंगल भावाच्या घरामागच्या एका खोलीत राहत होती. मला ओळखून तिनं घोंगडी टाकली. मुलगी मोठी झाली होती. भाऊ बरा आहे, काम मिळतं, असं ती म्हणाली. इथं तिच्या हाताचं काही बोलत नाही कोणी, असंही म्हणाली.

मला जे बोलायचं होतं ते मी एकदाचं बोलून टाकलं. पीठ होतं, पाणी शिरलं, बुरशी आली. देवराम काविळीनं गेला. गाडीवर हात नसता तरी गेला असता. तुझा त्यात काडीचा संबंध नाही. मी हे शंभर गाड्यांवर बघितलंय, अशी थोडी थापही मारली. तिनं सगळं नीट ऐकलं.

"हाव शेठ," ती म्हणाली. "मला समजलं होतं तेवाच. पाणीच होतं ते."

मला हायसं वाटलं. ती उठली, हंड्यावरचं झाकण काढलं, पेला भरला आणि माझ्यासमोर धरला. डाव्या हातानं. पाहुण्याला डाव्या हातानं पाणी देत नाहीत. मला वाटलं, विहिरीवर लागलं असेल.

"उजव्या हाताला काय झालं?"

"काय नाय," ती म्हणाली. "बरा आहे." उजवा हात तिनं पदरात घेतला होता. "राग मानू नका शेठ. आता सवय झालीय. पोरीला पण ह्याच हातानं जेवाय घालते."

मी पाणी प्यालो. पेला खाली ठेवणार होतो, तेवढ्यात तो घ्यायला तिनं हात पुढं केला, आणि तोही डावाच.